लादी काढायला म्हणे दोन दिवस!

रिनोव्हेशनच्या कोटेशनमधली सगळ्यात छोटी ओळ कुठली? ‘जुनी लादी काढणे व डेब्रिज उचलणे – लमसम’, म्हणजे फोडलेला राडारोडा उचलण्यासकट सगळं एका ठोक रकमेत. नव्या लादीची साइझ, फिनिश, सांध्यात भरायच्या ग्राउटचा रंग यावर दोन पानं, आणि ज्या कामापायी अख्ख्या बिल्डिंगशी वैर होतं त्याला अर्धी ओळ. वर मिस्त्री तंबाखू मळत सांगणार, "काय नाय शेठ, दोन दिवसांत उचकटतो." अरे, पापड आहे का तो?

जुनी मोझॅक लादी म्हणजे २० ते २५ मिलिमीटर जाडीचा सिमेंटचा ठोकळा. खाली दीड-दोन इंच सिमेंट-वाळूचा मसाला. शिवाय बसवल्यावर जागेवरच मशीनने घासलेली, त्यामुळे सांध्यात नखसुद्धा शिरत नाही. मग पहार घालणार कुठे? डोकं असलेला बिगारी मधली एक लादी फोडून तळापर्यंत खड्डा करतो आणि तिथून रुंद पात्याची छिन्नी तिरपी, जवळजवळ आडवी, शेजारच्या लादीच्या पोटाखाली सारतो. घाव आडवा गेला की लादी मसाल्यापासून सुटते. पण नाही! आपले वीर ब्रेकरचं, म्हणजे विजेवरच्या हातोड्याचं, पंधरा किलोचं धूड आणणार, त्याला टोकदार छिन्नी लावणार आणि उभं धरून धडाधडा ठोकणार. खाली स्लॅब जेमतेम चार-पाच इंचांचा. जुन्या बिल्डिंगीत त्याच्या सळया गंजून फुगलेल्या, प्लास्टर आधीच पोकळ. ते खालच्यांच्या ताटात पडलं की मग "आमच्याने नाय झालं, ते आधीपासूनच होतं". पाच किलोच्या आसपासचा ब्रेकर पुरतो हो! वेळ जास्त लागतो, एवढंच. पण वेळेचंच तर खोटं सांगितलेलं असतं.

आणि डेब्रिज! शंभर चौरस फुटांतली लादी आणि दोन इंच मसाला मिळून साधारण १.४ टन भरतो. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत तीसेक किलो भरलं, तर एका खोलीच्याच पंचेचाळीस गोण्या. लिफ्टला सोसायटीची बंदी, मग त्या जिन्याने कोण उतरवणार? ते ‘लमसम’मध्ये नसतं, चौथ्या दिवशी कळतं. तोवर सगळा ढीग हॉलच्या मधोमध. घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलोच्या वापराच्या भाराला धरलेला असतो. मीटरभर उंच ढिगाचा भार तेवढ्याच जागेवर सहज टनाच्या वर जातो. गोण्या भिंतीकडेने एकेरी लावा आणि रोजच्या रोज खाली पाठवा, हे सांगायला इंजिनिअर लागतो?

नहाणी ट्रॅपचं, म्हणजे बाथरूमचं पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याचं, तर विचारूच नका. तोडफोडीआधी त्यात गोणपाटाचा बोळा कोंबायला दोन मिनिटं लागतात. कोणी कोंबत नाही. खडी आणि सिमेंटचा चिखल पाइपात उतरतो, वळणावर घट्ट बसतो, आणि मग खालच्या मजल्यापर्यंत सगळ्यांचं पाणी तुंबतं. बाथरूमची लादी काढताना खालचा वीटतुकड्यांचा कोबा फुटला, की त्याबरोबर वॉटरप्रूफिंगही गेलं. ते नव्याने करून ४८ तास पाणी भरून ठेवायचं, खालच्या छतावर ओल येते का बघायचं आणि मगच लादी लावायची. इथे सगळ्यांना अचानक घाई होते. धूळ बसावी म्हणून कोणी पाइप लावून खोलीच धुतो. शिंपडायचं असतं, ओतायचं नसतं, ते पाणी स्लॅबमधून खालीच जातं.

जुन्या चौकटींचे पाय इंच-दीड इंच लादीत पुरलेले असतात. भोवतीचा मसाला सरसकट खरवडला की चौकट लोंबते आणि दार घासायला लागतं. स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावलेल्या पट्टीच्या, वर ग्राइंडरने आधी रेघ मारून घेतली नाही, तर हातभर प्लास्टर सोबत येतं.

यावर दुकानदाराचा रामबाण उपाय: "काढताच कशाला, वरूनच लावा!" लावा ना. पण आधी काठीने प्रत्येक लादी ठोकून बघा; जी बद्द वाजते ती काढावीच लागते. गुळगुळीत पॉलिशवर साधी सिमेंटची स्लरी (पातळ कालवण) धरत नाही, त्याला पॉलिमरचं अ‍ॅडेसिव्ह लागतं आणि जुन्या लादीचा पृष्ठभाग खडबडीत करावा लागतो. लादी आणि अ‍ॅडेसिव्ह मिळून पाऊण इंचापर्यंत उंची वाढते: सगळी दारं खालून तासा, आणि बाथरूमचा उंबरा जाग्यावरच ठेवलात तर पाणी सरळ बेडरूममध्ये.