वाऱ्याचे हिट पॉइंट किती?

"मावशे, पूण हाका मारपाचो कसो?"

गेल्या रविवारी गोव्यात, फोंड्याच्या घरी, सोप्यावर, अकरावीतल्या भाच्याने हा प्रश्न टाकला (म्हणजे, आमच्या खेळातल्या वाऱ्याच्या देवाला मारायचं कसं) आणि त्याच्या तिन्ही मित्रांनी माना डोलावल्या. पुढ्यात पाव-पातळभाजीच्या रिकाम्या बशा, चुरगळलेले कागद आणि वीस पैलूंचे फासे. बाहेर पाऊस असा की समोरचं घर दिसेना. "मारायचा नाहीच आहे," असं मी म्हटल्यावर चौघांची तोंडं अशी पडली की तेव्हापासून ही पोस्ट डोक्यात घोळतेय. लांबण लागणार आहे. चहा घेऊन बसा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढला. एकाने जग रचायचं, बाकीच्यांनी त्यात पात्रं होऊन हिंडायचं, आणि जमलं की फसलं हे फाशाने ठरवायचं. दशावतारातले नट लिखित संहिता नसताना रात्रभर बोलतात, त्यातलाच प्रकार, पेटी-पखवाज वजा करून. आमच्याकडे जग रचायचं काम माझं, कारण मला काही कामधंदा नाही असं माझ्या बहिणीचं ठाम मत आहे.

तर या जगात मी एक देव घातलाय. वाऱ्याचा. ड्रॅगनच्या रूपातला. नाव वावधान. (पोरं लगेच "शुभमंगल वावधान" म्हणून मोकळी झाली. असो.) त्याला स्वतःचं अंग नाही. तो जे उचलतो तेच त्याचं अंग. पाचोळा, कौलं, शिडांच्या चिंध्या, कुणाची पत्रं, दोरीवर वाळत घातलेले कपडे, हीच त्याची खवलं. काही उचललं नसेल तेव्हा तो दिसत नाही, नुसता ऐकू येतो. ही कल्पना माझी नव्हे, चोरी कबूल करते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात वाताचं एक छोटं सूक्त आहे, त्यात म्हटलंय, 'घोषा इदस्य शृण्विरे न रूपम्'. त्याचे आवाज तेवढे ऐकू येतात, रूप दिसत नाही. त्याच ऋचेत 'यथावशं चरति' असंही आहे, म्हणजे मनाला येईल तसा हिंडतो. वाऱ्याच्या देवाबद्दल याहून नेमकं मी तरी वाचलेलं नाही.

त्याच्या कथा मी मुद्दाम एकमेकींशी न जुळणाऱ्या केल्यात. मिठागरवाले म्हणतात तो आमचा धनी, त्याच्याशिवाय मीठ पडत नाही. होड्या हाकणारे तांडेल म्हणतात तो मुका आहे, जो आवाज येतो तो त्याने गिळलेल्या माणसांचा. डोंगरातल्या बायका त्याला जावई म्हणतात: कधी येईल सांगता येत नाही, आला की घर उलथंपालथं करतो आणि बोलायची सोय नाही. शहरातले पुजारी सांगतात की आमच्या पूर्वजांनी त्याला सोन्याच्या साखळीने बांधून तळघरात ठेवलाय. तळघराचं दार मात्र आजवर कुणी उघडून पाहिलेलं नाही.

भाचा विचारतो, यातली खरी कुठली? आणि हिट पॉइंट किती, म्हणजे किती घाव बसले की तो मरतो?

इथे माझं डोकं फिरतं. दोष पोरांचा नाही, त्यांनी जे खेळलंय-पाहिलंय त्याचा आहे. गोंधळ म्हणजे दुष्ट आणि शिस्त म्हणजे चांगली, हे समीकरण इतकं घट्ट बसलंय की देव 'केऑटिक' म्हटला की पोरं तलवारीच काढतात. गंमत म्हणजे १९७४ च्या पहिल्या आवृत्तीत चांगलं-वाईट नव्हतंच. शिस्त, मध्य आणि गोंधळ एवढ्या तीनच बाजू होत्या. चांगलं-वाईट नंतर जोडलं आणि नऊ चौकटी झाल्या. त्याच खेळात पाच डोक्यांची ड्रॅगनराणी आहे, तियामत. नाव बाबिलोनचं. तिथल्या सृष्टिकथेत तियामत म्हणजे आद्य खारं पाणी, जग घडण्याआधीची खळबळ. खेळवाल्यांनी तिला काय केलं? नऊ नरकांच्या पहिल्या मजल्यावर बसवलं आणि 'शिस्तबद्ध दुष्ट' असा शिक्का मारला. आद्य गोंधळाच्या आईला शिस्तबद्ध! सरकारी खात्यात बदली झाल्यासारखी.

आणि मूळ कथेत वारा कुणाच्या बाजूने आहे पाहा. तिथला देव मर्दुक तियामतला मारायला निघतो तेव्हा वारे घेऊनच निघतो. ती त्याला गिळायला तोंड उघडते, तो आत वारा सोडतो, तिचं पोट फुगतं, मग बाण. नंतर तो तिला सुकवायच्या मासळीसारखी उभी चिरतो आणि वरच्या अर्ध्याचं आभाळ करतो. ही उपमा मूळ कथेतलीच आहे हं, माझी नव्हे. आभाळ म्हणजे अर्धं सुकं, हे ऐकल्यावर आमच्या सोप्यावर पहिल्यांदाच पोरांनी मोबाइल खाली ठेवले.

ग्रीकांचा टायफॉन उलट्या बाजूचा. सर्पांच्या डोक्यांचा राक्षस, झ्यूसने त्याला पाडला, आणि गलबतं बुडवणारे सगळे बेभरवशाचे वारे त्याच्यापासून झाले. उत्तरेचा, दक्षिणेचा, पश्चिमेचा, असे कामाचे वारे मात्र देवांचे. म्हणजे उपयोगी तो देव, बाकीचा राक्षस. या वाटणीवर माझा राग आहे. वारा एकच असतो हो. खारा वारा दुपारी घाम सुकवतो म्हणून त्याला 'छान वारा सुटलाय' म्हणायचं आणि तोच पत्रे उडवायला लागला की वेगळं नाव द्यायचं?

नावावरून आठवलं. १६ मे २०२१. तौक्ते आपल्या किनाऱ्याला घासून गेलं तो रविवार. करोनाची दुसरी लाट, संचारबंदी, आणि वर हे. आमच्या मागच्या दोन माडांपैकी एक पडला, सुदैवाने घरावर नाही. वीज किती दिवस नव्हती ते आठवायचंही नाही. सकाळी आईने गच्चीवर जाऊन पाहिलं तर तिची चिंतामणी रंगाची साडी गेलेली. आदल्या संध्याकाळी दोरीवरून काढायची राहिली होती. आम्ही शेजारपाजारच्या परसांत शोधली, गटारात शोधली. नाही म्हणजे नाही. आई एवढंच म्हणाली, "गेला घेऊन." कोण, ते मी विचारलं नाही. तिच्या त्या वाक्यात कर्ता होता, एवढं मात्र लक्षात राहिलं.

तौक्ते हे नाव म्यानमारने दिलेलं. आपल्या समुद्रातल्या वादळांसाठी १३ देशांनी प्रत्येकी १३ नावं दिलीत, १६९ नावांची ती यादी २०२० च्या एप्रिलमध्ये जाहीर झाली. तौक्तेचा ब्रह्मी भाषेतला अर्थ: पाल. मोठ्याने ओरडणारी एक पाल. हे कळल्यावर मी हसत सुटले. आपण इथे ड्रॅगन शोधत बसलोय आणि वेधशाळेने बातम्यांत रीतसर सांगितलं होतं की एक प्रचंड पाल अरबी समुद्रातून वर चाललीय, खिडक्या लावून घ्या.

सरपटणारं जनावर आणि वारा ही जोडी जगाला फार ठिकाणी सुचलीय. मेक्सिकोत पिसांचा नाग, केत्साल्कोआत्ल, वाऱ्याच्या रूपात एहेकात्ल होतो. त्याची देवळं गोल, वाऱ्याला कोपरा अडू नये म्हणून, असं सांगतात. त्यातलं एक मेक्सिको सिटीच्या पिनो सुआरेझ मेट्रो स्टेशनच्या आतच आहे, लोक त्याच्या बाजूने गाड्या बदलतात. आपल्याकडे अमरकोशात सापाला नाव आहे 'पवनाशन', वारा खाणारा. तिरुमलाच्या स्थळकथेत वायू आणि आदिशेष यांची पैज लागते: शेषाने डोंगराला विळखा घालायचा, वायूने तो हलवून दाखवायचा. मला ही पैज फार आवडते, कारण त्यात कुणीच दुष्ट नाही. दोघे हट्टी आहेत, बस्स.

मरुतांची जन्मकथा तर त्याहून विलक्षण. दितीला इंद्राला मारणारा मुलगा हवा होता. इंद्र तिच्या गर्भात शिरला, गर्भाचे सात तुकडे केले. तुकडे रडायला लागले. 'मा रुद', रडू नका, म्हणत त्याने एकेकाचे आणखी सात केले. झाले ४९ वारे. आणि हेच पुढे इंद्राचे सोबती. ज्याच्या हातून मरायचं होतं त्यालाच पदरी ठेवला! माझी एक शंका आहे, शास्त्राधार शून्य: अजूनही वारा सुटला की जे घोंघावतं ते तेच रडणं असावं. ही कथा मी वावधानला जशीच्या तशी चिकटवणार होते, पण मग म्हटलं, इतकी चोरी बरी नव्हे.

आता माझा मुद्दा. या देवाशी वागायचं कसं, हे शिकायला बाबिलोनला जायची गरज नाही, फोंड्याजवळच्या दुर्भाटला गेलं तरी पुरे. पौष अमावास्येला दुर्भाट, बोरी भागात मांगे थापणी होते. खाजन (खाडीकाठच्या सखल) शेतीच्या बांधाजवळ चिखलाची मगर करतात, अंगावर शिंपले लावून खवलं काढतात, पूजा करतात. नदी बांध फोडून खारं पाणी शेतात घालू शकते, नदीत खरोखरीच्या मगरी आहेत, आणि तरी भाला घेऊन कुणी धावत नाही. शेतातल्याच मातीची तिला घडवतात, तिच्याशी बोली करतात: तू बांध राख, आम्ही तुझी आठवण ठेवतो. आणि बांधाची डागडुजी, मानशीच्या (खारं पाणी अडवणाऱ्या दरवाजाच्या) फळ्या-दारं बघणं, ते चालूच असतं. पूजा केली म्हणून फावडं ठेवून दिलं असं होत नाही.

दशावतारात सांकासुर येतो तेव्हाही पाहा. वेद चोरणारा राक्षस, काळा, लाल जीभ लोंबणारी. पण मांडावर आला की पोरं त्याच्याभोवती गोळा होतात, तो चकाट्या पिटतो, टोमणे मारतो. विष्णू त्याला शेवटी मारतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण रात्रीची मजा त्याच्यामुळे आहे हेही ठाऊक असतं.

आणि आपली भाषा! अंगात दैवत संचारलं की आपण काय म्हणतो? वारं आलं. मारुतीला आपण गल्लोगल्ली देऊळ दिलंय, पणजीत मळ्याच्या टेकडीवर केवढी जत्रा भरते, पण बापाचं देऊळ विचारलं तर लोक डोकं खाजवतात. (मध्वाचार्यांना मानणारी माध्व मंडळी कमेंटमध्ये येण्याआधी सांगते: तुमच्याकडे वायू जीवोत्तम, सगळ्या जीवांत श्रेष्ठ, हे मला माहीत आहे, काणकोणला पर्तगाळी मठात जाऊन आलेय.) मला वाटतं देऊळ नसणंच बरोबर आहे. भिंती घातल्या की तो वारा कसला.

म्हणून वावधानला हिट पॉइंट नाहीत. त्याला हेतूही नाही. जगबुडी घडवायची योजना, लहानपणचा अपमान, हरवलेली प्रेयसी, असलं काही मी त्याला देणार नाही. हल्ली प्रत्येक ड्रॅगनला दुःखद भूतकाळ असतो, कंटाळा आलाय. त्याला फक्त स्वभाव आहे आणि चांगली स्मरणशक्ती आहे. उचललेली वस्तू तो विसरत नाही.

हे सगळं पोरांना ऐकवल्यावर अर्धा तास नुसती हुज्जत. एक म्हणाला, मग खेळायचं कशाला? रास्त प्रश्न. शेवटी त्यांच्यातला सगळ्यात गप्प मुलगा, जो तांडेलाचं पात्र करतो, तो उभा राहिला आणि चक्क गाऱ्हाणं घालायला लागला. "बा वावधाना, म्हाराजा..." बाकीचे तिघे "होय म्हाराजा" करायला लागले. मला हसू आवरेना, पण नियम म्हणजे नियम. म्हटलं, टाक फासा. सतरा पडले.

मी सांगितलं: तो थांबलाय. डोक्यावर घिरट्या घालतोय. खवलं दिसतायत. कौलं, चिंध्या, पत्रं. आणि मानेपाशी, मध्येच, एक लांब चिंतामणी रंगाची साडी, काठ अजून शाबूत.

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला आठवत होतं, २०२१ ला गटारात काठी घालून शोधणाऱ्यांत तो होता. तो म्हणाला, "ती परत मागतलों. बदल्यात कितें दिवचें?"

स्वयंपाकघरात भांडी वाजायची थांबली होती. मग आतून आईचा आवाज आला, "विटलीय का गो?"