शेवटच्या फेऱ्या म्हणजे लॉटरी? फँटसी बेसबॉलमधल्या एका लाडक्या समजाचा प्रतिवाद

मार्च उजाडला की फँटसी बेसबॉल (खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधून त्यांच्या खऱ्या आकड्यांवर चुरस लावायचा खेळ) खेळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला हमखास फिरू लागतो. तो थोडक्यात असा: ड्राफ्ट (पाळीपाळीने खेळाडू उचलणं) पहिल्या दहा फेऱ्यांत जिंकला जातो, पुढचं सगळं लॉटरी. शेवटी एखादा गाजलेला नवखा उचला. स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये, म्हणजे हंगामाआधीच्या सराव सामन्यांत, कोण तापलाय ते बघा. गेल्या वर्षी ज्याचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यातल्या धावा) फुगला होता त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि सेव्हसाठी (निसटती आघाडी शेवटी राखल्याचं पिचरचं श्रेय) पिक घालवू नका, ते पुढे वेव्हरवर, म्हणजे कुणीच न उचललेल्यांच्या यादीत, फुकट मिळतात.

यातलं प्रत्येक वाक्य तपासून बघू. हिशेबासाठी नेहमीची रचना धरू: १२ संघ, २३ फेऱ्या, आणि ज्यांवर गुण मोजतात असे पाच बॅटिंगचे आणि पाच पिचिंगचे रकाने. म्हणजे एकूण २७६ खेळाडू उचलले जाणार. मोठ्या लीगच्या (मेजर लीग बेसबॉल) ३० संघांत प्रत्येकी २६ जण असतात, म्हणजे ७८०. अठराव्या फेरीनंतरही मैदानावर रोज उतरणारे भरपूर जण शिल्लक असतात.

"शेवटच्या फेऱ्या म्हणजे लॉटरी"

लॉटरीच्या सगळ्या तिकिटांची शक्यता सारखी असते. इथे ती सारखी नसते. इथली किंमत एडीपीने ठरते, म्हणजे तो खेळाडू सरासरी कितव्या क्रमांकावर उचलला जातो त्यावर. आणि एडीपी बनतो मुख्यतः दोन गोष्टींनी: गेल्या हंगामाचे छापील आकडे आणि ड्राफ्टच्या पडद्यावरची यादी. विसाव्या फेरीपर्यंत माणसं थकलेली असतात, घड्याळ पळत असतं, यादीत वर दिसेल ते नाव टिचकी मारून घेतलं जातं. त्यामुळे हंगाम संपल्यानंतर काही *बदललं* असेल, तर ते किमतीत उतरायला वेळ लागतो. शोधायचा तो हा बदल.

सेड्रिक मलिन्सचं उदाहरण घ्या. तो दोन्ही हातांनी बॅटिंग करायचा आणि उजव्या बाजूने त्याची डाळ शिजत नव्हती. २०२१ च्या हंगामाआधी त्याने उजवी बाजू सोडून फक्त डावखुरं खेळायचं ठरवलं. ही बातमी लपलेली नव्हती, तरी तो ड्राफ्टच्या तळाशीच पडून होता. त्या वर्षी त्याने ३० होमरन मारले आणि ३० बेस चोरले (फटक्याशिवाय धावून पुढचा बेस गाठला). तसाच होजे बाउटिस्टा. २००९ मध्ये १३ होमरन, पण त्यातले १० शेवटच्या महिन्याभरात, तेही फटक्याची सुरुवात लवकर करायला शिकल्यावर. पुढच्या वर्षी ५४. वर्षाची बेरीज १३ दिसत होती; महिन्यांचे आकडे वेगळे काढले असते, तर तेच १३ वेगळं काही सांगत होते.

दुसरा बदल आणखी साधा आहे आणि त्याकडे फारच कमी जण बघतात: बॅटिंग क्रम. सामन्यातला शेवटचा आउट नऊपैकी कुठल्याही क्रमांकावर पडू शकतो, म्हणून १६२ सामन्यांत एक क्रमांक खाली जाणं म्हणजे साधारण १६२ भागिले ९, अर्थात १८ संधी गमावणं. आठव्या क्रमांकावरून दुसऱ्यावर चढलेल्या खेळाडूला हंगामात शंभरावर संधी जास्त मिळतात. त्याच्या खेळात तसूभरही सुधारणा झाली नाही तरी रन, आरबीआय (आपल्या फटक्याने आलेल्या धावा) आणि होमरन तिन्ही रकाने फुगतात. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा नेहमीचे नऊ जण एकत्र उतरतात, तेव्हाचा क्रम लिहून ठेवा. सुरुवातीच्या आठवड्यांतल्या क्रमाला काही अर्थ नसतो.

"शेवटी गाजलेला नवखा उचला"

जॅरेड केलेनिकने २०२१ मध्ये .१८१ ची सरासरी काढली. मोठ्या लीगच्या २०२० च्या खऱ्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला स्पेन्सर टॉर्कलसन २०२२ मध्ये .२०३ वर अडकला आणि जुलैमध्ये मायनरमध्ये (खालच्या लीगमध्ये) परत गेला. जॅक्सन हॉलिडे २०२४ च्या एप्रिलमध्ये आला, पहिल्या ३४ फटकेसंधींत २ हिट काढून परत गेला. तिघेही गुणी, यात वाद नाही. प्रश्न किमतीचा आहे. गाजलेल्या नवख्याचं कौतुक सगळ्यांनी वाचलेलं असतं, त्यामुळे तो स्वस्त मिळतच नाही.

जो अजून मायनरमध्येच आहे, त्याचा आणखी एक तोटा. संघाचा खेळाडूवरचा हक्क ज्या सेवेच्या वर्षांवर मोजतात, त्यातलं एक वर्ष भरायला १७२ दिवस लागतात आणि हंगाम साधारण १८७ दिवसांचा असतो. दोन-तीन आठवडे उशिरा बोलावलं की संघाला त्या खेळाडूवर एक जास्तीचं वर्ष मिळतं. २०२२ च्या करारापासून नवख्यांना सुरुवातीपासून खेळवणाऱ्या संघांना जादा ड्राफ्ट पिकचं आमिष आहे, तरी हे गणित संपलेलं नाही. तोवर तुमच्या बेंचवरची एक जागा अडकून पडते, आणि एप्रिलमध्ये, जेव्हा वेव्हरवर सर्वात चांगला माल येतो, तेव्हाच तुमच्याकडे जागा नसते.

नवखा घ्यायचाच असेल तर वर्षभर थांबून घ्या. अ‍ॅरन जज २०१६ मध्ये आला, ८४ फटकेसंधींत ४२ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) झाला, सरासरी .१७९. कौतुक ओसरलं आणि २०१७ च्या ड्राफ्टमध्ये तो खाली घसरला. त्या मार्चमध्ये उजव्या आउटफिल्डची जागा मात्र त्याने जिंकली होती. पुढे ५२ होमरन आले. ताकद तीच, जागा पक्की आणि भाव पडलेला: या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की घ्या.

"स्प्रिंगमध्ये कोण तापलाय ते बघा"

२०१३ च्या स्प्रिंगमध्ये जॅकी ब्रॅडली ज्युनियरची सरासरी .४१९ होती. हंगामात .१८९. कारण उघड आहे: स्प्रिंगमध्ये एका बॅटरला ५०-६० संधी मिळतात, आणि उत्तरार्धात समोरचा पिचर बऱ्याचदा मायनरमधला असतो. एवढ्या संधींत सरासरीला काही वजन येत नाही.

पण इथे उलट टोकही गाठू नका. स्ट्राइकआउटचं प्रमाण मात्र साधारण ६० संधींतच बोलू लागतं, आणि पिचरचा वेग तर त्याहून लवकर. मागच्या मार्चपेक्षा या मार्चमध्ये फास्टबॉल ताशी दीड मैलाने वाढला असेल, तर ती बातमी आहे. वेग कमी दिसला म्हणून लगेच घाबरू नका. हात अजून तापत असतात, शेवटच्या दोन स्टार्टपर्यंत (त्याने सुरुवातीपासून टाकलेल्या सामन्यांपर्यंत) थांबा. नवा पिच (चेंडू टाकायचा प्रकार) शिकल्याची नुसती मुलाखत वाचून भुलू नका. तो सामन्यात किती टक्के वेळा टाकला गेला ते बघा.

"फुगलेल्या ईआरएच्या वाटेला जाऊ नका"

या सल्ल्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं. ईआरएमध्ये पिचरच्या हातातल्या आणि हाताबाहेरच्या गोष्टींची खिचडी असते: पाठीमागचं क्षेत्ररक्षण, रिलीव्हरने (मधेच बदली आलेल्या पिचरने) आत येऊ दिलेले धावक, आणि खेळात पडलेले चेंडू कुठे पडले त्याचं नशीब. पिचरच्या हातातली गोष्ट वेगळी काढायची सोपी रीत म्हणजे स्ट्राइकआउटच्या टक्क्यांतून वॉकचे (चार बाहेरच्या चेंडूंवर बॅटरला दिलेल्या फुकट बेसचे) टक्के वजा करणं. भागायचं ते सामना केलेल्या बॅटरांच्या संख्येने, इनिंगने नव्हे. इनिंगने भागलं तर खूप हिट खाणाऱ्या पिचरला जास्त बॅटर मिळतात आणि त्याचे स्ट्राइकआउट फुगलेले दिसतात.

कॉर्बिन बर्न्सचं २०१९ पाहा. ईआरए ८.८२. कोण घेणार? पण ४९ इनिंगमध्ये ७० स्ट्राइकआउट आणि २० वॉक, म्हणजे फरक सुमारे २१ टक्के; लीगची सरासरी तेव्हा १४ च्या आसपास होती. सगळा बट्ट्याबोळ झाला तो १७ होमरनमुळे, आणि तो मुख्यतः एकाच पिचवर, फोर-सीम फास्टबॉलवर. स्लायडर बॅटरांना लागतच नव्हता. २०२० मध्ये त्याने फोर-सीम जवळपास टाकून दिला, कटर आणि सिंकर हे पिच पुढे आणले: ईआरए २.११, ५९.२ (म्हणजे ५९ आणि दोन-तृतीयांश) इनिंगमध्ये ८८ स्ट्राइकआउट. २०२१ मध्ये साय यंग, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार. म्हणून फरक काढून थांबू नका; बेसबॉल सॅव्हंट या संकेतस्थळावर पिचनिहाय निकाल उघडा. एकच पिच मार खात असेल तर तो सोडता येतो. चारही खात असतील तर पुढच्या नावाकडे वळा.

कोरी क्लूबरचं प्रकरण यापेक्षा शांत. २०१३ मध्ये ईआरए ३.८५, कुणाच्या डोळ्यात न भरणारा. पण १४७ इनिंगमध्ये १३६ स्ट्राइकआउट आणि फक्त ३३ वॉक. २०१४ मध्ये २६९ स्ट्राइकआउट, २.४४ चा ईआरए आणि साय यंग.

ही रीत प्रत्येकाला पकडत नाही, हेही सांगायला हवं. रॉबी रेने २०२० मध्ये ५१.२ इनिंगमध्ये ४५ वॉक दिले. फरक नऊ टक्क्यांवर, ईआरए ६.६२. या चाळणीतून तो गळलाच असता, आणि २०२१ मध्ये १९३ इनिंगमध्ये फक्त ५२ वॉक देऊन त्यानेही साय यंग नेला. असे सुटणार. ते पकडायला चाळणी सैल केली, तर प्रत्येक रॉबी रेमागे डझनभर असे पिचर पदरात पडतील ज्यांचे वॉक कधीच कमी होत नाहीत.

आणि चुकीच्या पिचरची किंमत किती, ते मांडून पाहा. तुमच्या बाकी पिचरांच्या ११०० इनिंग ३.७० ने झाल्या आणि एका हट्टाने ठेवलेल्या स्टार्टरने १५० इनिंग ५.०० ने टाकल्या, तर संघाचा ईआरए ३.८६ होतो. त्याच्याऐवजी ६० इनिंग २.५० ने टाकणारा रिलीव्हर असता तर ३.६४. स्टार्टरचे जादा विन आणि स्ट्राइकआउट या फरकाच्या तोडीचे आहेत का, ते तुमच्या लीगची मागच्या वर्षीची क्रमवारी काढून बघा.

"सेव्ह फुकट मिळतात"

अर्धं खरं. एका संघाला हंगामात साधारण ४० सेव्ह मिळतात आणि क्लोजर (शेवटची इनिंग टाकणारे पिचर) बदलत राहतात, त्यामुळे नवे हात येतातच. पण फुकट? बातमी फुटली की बाराही जण बोली लावतात आणि हंगामभराच्या बोलीसाठी मिळणाऱ्या १०० काल्पनिक डॉलरमधले २०-३० एका नावावर जातात. त्यापेक्षा शेवटच्या दोन पिकमधलं एक आठव्या इनिंगच्या माणसावर लावा: ३० टक्क्यांच्या आसपास स्ट्राइकआउट, आणि पुढे असा क्लोजर, ज्याला जुलैअखेर विकलं जाईल. २०२२ मध्ये बाल्टिमोरने २ ऑगस्टला क्लोजर होर्हे लोपेझला मिनेसोटाकडे धाडलं आणि फेलिक्स बाउटिस्टा त्या जागी आला. २०२३ मध्ये त्याने ३३ सेव्ह आणि ६१ इनिंगमध्ये ११० स्ट्राइकआउट दिले. वाट बघत असतानाही असा रिलीव्हर ईआरए खाली ठेवतो. मायनरमधला नवखा काहीच देत नाही.

याच सल्ल्याला जोडून येणारी "शेवटी एक बेस चोरणारा घ्या" ही सूचनाही शिळी झाली आहे. २०२३ मध्ये बेस मोठे झाले, पिकऑफवर (धावकाला बेसवर पकडायच्या फेकीवर) मर्यादा आली, आणि चोरलेले बेस २,४८६ वरून ३,५०३ वर गेले. जे सगळ्यांकडे आहे त्यासाठी .२२० ची बॅट अंगावर घेऊ नका.

राहिला प्रश्न उचललेल्यांना सोडायचं कधी. क्रिकेटमध्ये एका सामन्यापुरता संघ बांधायची सवय असलेल्यांची घाई इथे नडते. तीन स्टार्टनंतर ईआरए ६ असला, पण स्ट्राइकआउट-वॉकचा फरक टिकून असेल आणि वेग उतरला नसेल, तर पिचर ठेवा. बॅटर .३०० ने मारत असला, पण क्रमात दुसऱ्यावरून आठव्यावर गेला असेल किंवा डावखुऱ्या पिचरसमोर बाहेर बसवला जात असेल, तर बोलीच्या पहिल्याच रविवारी त्याच्या जागी दुसरा आणा.