काका, प्रेस मला घ्यायचाय

अमेरिकेतल्या बंदुकांच्या दुकानात काउंटरला टेकून उभा असलेला एक काका असतोच. तो नोकर नसतो, गिऱ्हाईकही नसतो. नुसता असतो. परवा मला घ्यायचा होता प्रेस, म्हणजे झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी (पितळी कवच) परत आकारात आणून तिच्यात नवी गोळी बसवायचं हाताचं यंत्र. परवाच्या काकांनी लाल गॅलिस लावले होते, आणि मी विक्रेत्याला काही विचारायच्या आत उलटतपासणी सुरू झाली.

"काय भरता?"

".338 लापुआ." (लांब पल्ल्याच्या रायफलचं दांडगं काडतूस.)

"मारता काय?"

"कागद. हजार यार्डांवरचा."

काकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "लहान गोळीनं मरत नाही का तो?"

मग त्यांनी प्रोग्रेसिव्ह प्रेसची शिफारस केली. हँडल ओढलं की एक काडतूस तयार, तासाला पाचशे! अहो, पिस्तूलवाल्यांना ठीक आहे ते. .338ची वीस-तीस झाडली की खांदा राजीनामा देतो. पाचशे काडतुसं काय लग्नात वाटायची आहेत? इथे हवा सिंगल-स्टेज: एक डाय (पुंगळीला आकार देणारा किंवा गोळी बसवणारा साचा), एक पुंगळी, एका वेळी एकच काम.

"मग सी-फ्रेम घ्या. समोरून उघडा, हात छान जातो," काका म्हणाले. चीड आणणारी गोष्ट ही, की ते खरं आहे. हात जातोच. पण एवढ्या जाड पुंगळीचं फुल-लेंग्थ सायझिंग करताना (म्हणजे ती पूर्ण लांबीभर दाबून मापात आणताना) तो उघडा जबडा किंचित फाकतो. मग पुंगळीचा खांदा (मानेकडे ती निमुळती होते तो भाग) दर वेळी सारखा मागे बसत नाही. एका काडतुसावर रायफलचा बोल्ट लोण्यासारखा बंद होतो, पुढच्यावर अडतो. म्हणून बंद चौकटीचा, बिडाचा ओ-फ्रेम.

यावर काकांनी खिशातून चक्क .30-06 काढलं. (खिशात काडतूस घेऊन हिंडणाऱ्या माणसाशी वाद घालू नये, पण मी घातला.) "याची पुंगळी 63 मिलिमीटर लांब, तुमची 69. सहानं काय बिघडतं?" बिघडतं असं, की गोळी बसवताना ती पुंगळीच्या तोंडावर उभी धरून जोडी डायखाली सरकवावी लागते. 300 ग्रेन वजनाची गोळी सुमारे 43 मिलिमीटर, म्हणजे झाले 112. शिवाय माझी बोटं, आणि चौकटीतून खाली डोकावणारा डाय. तेव्हा खोक्यावर छापलेली चौकटीची उंची वाचू नये. रॅम (हँडलनं वरखाली होणारा दांडा) पूर्ण खाली नेऊन त्यावरच्या शेल होल्डरपासून (पुंगळीचं बूड पकडणारा तुकडा) डायच्या तोंडापर्यंत पट्टी लावावी.

"तर सरळ .50 बीएमजीचाच घ्या, पुढेमागे वाढलात तर." वाढलात! मूळ मशीनगनच्या त्या .50ची पुंगळी 99 मिलिमीटरची, बूड 20 मिलिमीटरच्या वर. साध्या शेल होल्डरात ते मावतच नाही. तिचे डाय बहुधा दीड इंची, इंचाला 12 आटे. आपले नेहमीचे 7/8 इंची, इंचाला 14. मधला मार्ग म्हणजे बुशिंग (डाय ज्यात बसतो ते आटेदार कडं) निघणारा प्रेस. रॉक चकर सुप्रीम किंवा लीचा क्लासिक कास्ट घ्या, बुशिंग काढलं की सव्वा इंची आटे मोकळे होतात.

वंगणाबद्दल मी विचारलंच नव्हतं. काकांच्या मते थुंकी चालते. चालत नाही. कोरडी पुंगळी डायमध्ये रुतते, जोर लावला की कड तुटून हातात येते. उलट वंगण जास्त झालं तर खांद्यावर पोचे पडतात. पुंगळीच्या मानेच्या आतून लावायला विसरलात तर एक्स्पँडर (मान आतून रुंद करणारा गोळा) परत येताना किंचाळतो आणि टेबलच वर उचलतो. म्हणून प्रेस नुसत्या लाकडात पिळलेल्या स्क्रूवर कधीच नको. आरपार बोल्ट आणि फळीखाली लोखंडी पट्टी.

शेवटी मी ओ-फ्रेम उचलला. शेल होल्डर अर्थात वेगळा विकत. लापुआचं बूड जवळपास 15 मिलिमीटर, .30-06चं 12, त्यामुळे दुकानात होता तो निरुपयोगी. "मागवावा लागेल," विक्रेता म्हणाला.

"तोवर .308 भरा," काका म्हणाले. "त्याचा कुठेही मिळतो."

विक्रेत्याने मान डोलावली. काकांकडे बघून. कार्ड माझं घासत होता.