नाशिकरोडकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार नाशिकरोडकर,

अमेरिकन चित्रकार मिल्टन कॅनिफच्या 'टेरी अँड द पायरट्स' या वृत्तपत्री चित्रपट्टीवरच्या (कॉमिक स्ट्रिप) माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. आधी माझी चूक. कॅनिफची पुढची पट्टी 'स्टीव्ह कॅन्यन' सुरू झाली १३ जानेवारी १९४७ ला, मी १९४६ लिहून बसलो. डिसेंबर १९४६ च्या अखेरीस त्याने 'टेरी' सोडली, तिथे घोळ झाला. दुरुस्त केलंय. आभार.

आता तुमचं ते वाक्य: 'खुर्चीत बसून युद्धाची चित्रं चघळणाऱ्यांना ब्रशचे फटकारेच दिसणार.' देवळालीच्या तोफखान्यात तुम्ही नोकरी केलीत, त्याबद्दल आदर आहेच. पण म्हणून अनोळखी माणसाला असं घालूनपाडून बोलायचं? 'जरा चित्रांपलीकडचंही लिहा' एवढंच म्हणाला असतात तर मी चहाला बोलावलं असतं.

खुर्ची मी हौसेने धरलेली नाही. ओझरच्या वसाहतीत वाढलो, वडील एचएएलच्या विमान कारखान्यात. डोक्यावरून मिग गेलं की बाई खडू फळ्याला टेकवून आवाज सरायची वाट बघायच्या. मला वैमानिकच व्हायचं होतं. वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांचं पुस्तक समोर आलं. 'आकडा वाचा.' आकडा कुठला, नुसते ठिपके! डॉक्टरांनी पान उलटलं, पुन्हा तेच. लाल-हिरव्याची बोंब. घरी येताना एसटीत वडील एक अक्षर बोलले नाहीत.

त्याच वर्षी कॅम्पातल्या एका रद्दीवाल्याकडे 'टेरी'च्या रोजच्या पट्ट्यांचा संग्रह मिळाला, शिवण सुटलेला, कृष्णधवल. त्यात मला काहीच कमी दिसत नव्हतं. चेहऱ्याची अर्धी बाजू सरळ शाईत बुडवलेली, गालाची रेषा काढलेलीच नाही. उजेड पडलाय तेवढाच गाल, बाकीचा आपण मनाने पुरा करायचा. ही युक्ती स्टुडिओतला सोबती नोएल सिकल्स याच्याकडून कॅनिफने उचलली आणि रोज वापरून पक्की केली. मी बोरू घेऊन तसा गाल जमवायला बसायचो, दर वेळी डाग पडायचा. फटकारे दिसतात म्हणता ना? हो, दिसतात. फार मेहनतीने दिसायला लागलेत.

आणि खुर्चीतच म्हणाल तर कॅनिफही खुर्चीतलाच. पायाच्या शिरांच्या दुखण्यामुळे त्याला सैन्यात घेतलं नाही. मग त्याने छावण्यांतल्या वृत्तपत्रांसाठी 'मेल कॉल' ही वेगळी पट्टी एक पैसा न घेता काढली. १७ ऑक्टोबर १९४३ चं 'टेरी'चं रविवारचं पान बघा (ते रंगीत, म्हणजे माझ्या वाट्याला अर्धंच). टेरी नुकताच वैमानिक झालाय आणि कर्नल फ्लिप कॉर्किन त्याला बाजूला घेऊन सांगतोय की, एकट्याच्या जोरावर उडतोस असं समजू नकोस. जमिनीवरचे मेकॅनिक आहेत, आराखडे काढता काढता घाम गाळलेले आहेत. हे पान अमेरिकन काँग्रेसच्या अधिकृत नोंदींत गेलं. आराखडे काढणारे कुठे बसून काढतात, नाशिकरोडकर? माझे वडील ओझरला तीस वर्षं तेच करत होते. त्यांना कोणी 'चघळणारे' म्हणालं नाही.

बाकी 'टेरी'तला चिनी सोबती कॉनी, त्याच्याबद्दलचं. बाहेर आलेले दात, सुपासारखे कान, मोडकंतोडकं इंग्रजी. आहे, मी कुठे नाही म्हणतोय? १९३४ ची पट्टी १९३४ सारखीच असणार. त्यावर कधीतरी सवडीने लिहीन. युद्धाचं उदात्तीकरण वगैरे तुम्ही जे पुढे लिहिलंय त्यात मला पडायचं नाही. ऑक्टोबर १९४१ मध्ये कॅनिफने पट्टीतल्या रेव्हन शर्मन या पात्राला मारलं तेव्हा वाचकांनी सांत्वनाची पत्रं धाडली होती, एवढं सांगून सोडतो.

संग्रह बघायचा असेल तर रविवारी सकाळी मी घरीच असतो. पानं जपून उलटावी लागतील. चहाचं आता बघू.