‘परत विंडोज सेव्हन टाका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत एक मेसेज फिरतोय. आंबा बागायतदारांच्या ग्रुपवर आला, होमस्टेवाल्यांच्या ग्रुपवर आला, शाळासोबत्यांच्या ग्रुपवर तर पुन्हा पुन्हा येतो. मजकूर थोडक्यात असा: विंडोज १० आणि ११ मुळे कम्प्युटर रखडतो, त्यातून १० तर आता बंदच झालं, तेव्हा परत ७ टाका. मशीन पळेल, अपडेटची कटकट जाईल, जुन्याला व्हायरस लागत नाही, डी ड्राइव्हमधला डेटा जागचा हलत नाही, आणि नाहीच आवडलं तर कधीही परत येता येतं. खाली डाउनलोडची लिंक.

आधी वेगाचं बघू, कारण माणसं भुलतात ती तिथेच. ७ टाकल्यावर मशीन हलकी वाटते, हे खोटं नाही. पण ७ टाकताना काय होतं? सी ड्राइव्ह फॉरमॅट होतो. वर्षानुवर्षं साठलेले टूलबार, मशीन सुरू होतानाच उठून बसणारे डझनभर प्रोग्रॅम, दोन-दोन अँटिव्हायरस, सगळं एका फटक्यात साफ. अशी कोरी पाटी करून १० टाकलं तरी मशीन पळते. श्रेय मात्र ७ ला मिळतं. मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेली किमान गरज पाहिली तर ६४ बिटच्या ७ ला २ जीबी रॅम लागते आणि १० लाही २ जीबीच. ११ ला ४. हे आकडे कागदावरचे, मान्य; २ जीबीवर १० चालवणं म्हणजे शिक्षाच.

खरी अडचण बहुतेक वेळा डिस्कमध्ये असते. जुन्या स्वस्त लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क, मिनिटाला ५४०० फेरे. १० मागच्या मागे सारखं बारीकसारीक वाचत-लिहीत असतं आणि दर वेळी डिस्कच्या सुईला इकडून तिकडे धावावं लागतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. काही न करता डिस्कचा रकाना शंभर टक्क्यांना चिकटून राहत असेल तर विंडोजला शिव्या घालण्याआधी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. त्याच मशीनवर तेच १० ओळखू येत नाही.

त्यात आपल्याकडची हवा. हर्णै, गुहागर, मालवण, वेंगुर्ला, समुद्रालगत कुठेही मशीन उघडून बघा: पंख्यात दमट धुळीचा थर, रॅमचे पाय काळवंडलेले. पंखा कोंडला की प्रोसेसर तापतो आणि तापला की स्वतःच वेग कमी करतो. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा लाईट जाते. लिहिणं चालू असताना वीज तुटली की फाइली बिघडतात. यूपीएस नाही, पंखा कधी साफ केलेला नाही, आणि दोष विंडोजच्या आकड्याला! खोडरबराने रॅम पुसून हँग होणं थांबलेल्या मशीनही आपल्याकडे काही कमी नाहीत.

जुन्याला व्हायरस लागत नाही, हे तर सरळ उलटं आहे. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, जगभर पसरला. त्यात सर्वाधिक सापडल्या त्या विंडोज ७ च्या मशीन, आणि विंडोजच्या सुरक्षेतल्या ज्या भोकातून तो शिरला त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मार्चमध्येच आलेला होता. अपडेट न घेतलेले अडकले. २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाचं भोक सापडलं; ते ७ आणि त्याआधीच्या विंडोजमध्ये होतं, ८ आणि १० मध्ये नव्हतं. ७ चे मोफत पॅच १४ जानेवारी २०२० ला संपले. त्यानंतर सापडलेलं भोक घरगुती मशीनवर उघडंच राहतं.

‘१० बंद, ७ ही बंद, मग फरक काय?’ हा त्यातल्या त्यात विचार करण्याजोगा मुद्दा. १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे खरं. पण घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षेचे पॅच १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवलेले आहेत. त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. शिवाय ७ वर क्रोम ब्राउझर १०९ व्या आवृत्तीच्या पुढे जात नाही. ११० आलं ते फेब्रुवारी २०२३ मध्ये. होमस्टेचं बुकिंग, बँक, आंब्याच्या पेट्यांचं कुरिअर, सगळं ब्राउझरमधूनच चालतं. तो गोठला की आज ना उद्या एकेक साइट नीट उघडेनाशी होते.

अपडेट नेटचा डेटा खातं, ही तक्रार रास्त आहे, विशेषतः मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांची. त्यावर उपाय सेटिंगमध्येच आहे: वायफायच्या जोडणीला ‘मीटर्ड’, म्हणजे मोजून वापरायची, करा. बहुतेक अपडेट मग थांबून राहतात.

डी ड्राइव्हचं आश्वासन वाचून मात्र मला घामच फुटला. आपली माणसं सगळं ठेवतात डेस्कटॉपवर, आणि डेस्कटॉप असतो सी मध्ये. बऱ्याच नव्या लॅपटॉपना डी ड्राइव्हच नसतो. ज्यांना असतो, त्यांतल्या अनेकांत डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक कुलपात बंद, झालेली असते, आणि १० ची ती नवी पद्धत ७ ला वाचता येत नाही. डेटा जागेवरच राहील, फक्त उघडणार नाही. तेव्हा आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी, मग बाकीचं.

गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपवर तर ७ टाकणंच मुश्कील. त्याच्या मूळ सेटअपमध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हर, म्हणजे ते पोर्ट चालवणारे छोटे प्रोग्रॅम, नाहीत, त्यामुळे पहिल्याच पडद्यावर माऊस मेलेला. इंटेलच्या सातव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरना ७ चा अधिकृत आधारही नाही.

लिंकबद्दल दोनच वाक्यं. ‘ॲक्टिव्हेटर (विना परवाना विंडोज चालू करणारा प्रोग्रॅम) चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा’ असं सांगणारी फाइल उघडू नका. आणि घरगुती लॅपटॉपवर बहुधा होम आवृत्ती असते, तिला जुन्या विंडोजवर जाण्याचा परवाना मिळत नाही.

कधीही परत येता येतं, हेही अर्धंच. ११ वर अपग्रेड केल्यावर १० कडे वळायला साधारण दहा दिवस मिळतात, नंतर जुन्या विंडोजच्या फाइली पुसल्या जातात. १० वरून ७ ला असा रस्ताच नाही, सगळं नव्याने टाकायचं. पुन्हा १० टाकलं तर लायसन्स बहुधा नेट लागताच ओळखलं जातं, पण हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि प्रिंटरचे ड्रायव्हर पुन्हा शोधत बसावं लागतं.

७ ठेवावं अशी जागा मला एकच दिसते: छापखान्यातली ती मशीन, जिच्यावर जुन्या फाँटांतल्या लग्नपत्रिका उघडतात आणि जिचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही. ती राहू दे. नेटची वायर मात्र काढून ठेवा आणि गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह आधी दुसऱ्या मशीनवर तपासून घ्या.