लेखापाल फाइल अडवतो का? एका डॉक्टरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टर, नमस्कार.

आरोग्य अभियानातल्या हिशेबाच्या नोकरीवर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला. तो ओसरल्यावर लिहायला बसले आहे. उत्तर लांबणार आहे, कारण तुमचे सगळेच मुद्दे एका ओळीत उडवून लावण्यासारखे नाहीत.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही निवृत्त वैद्यकीय अधिकारी, शेवटी एका ग्रामीण रुग्णालयाचे अधीक्षक होतात. तुमचं म्हणणं असं, की लेखापालाचं काम मी उगाच मखरात बसवलं. तुमच्या अनुभवात लेखापाल म्हणजे फाइलवर 'चर्चा करावी' असा शेरा मारून ती परत पाठवणारा माणूस. शस्त्रक्रियागृहातल्या दिव्याचा बल्ब गेला तेव्हा त्यानं तीन दरपत्रकं मागून आठवडा घालवला. पूर्वी पैसे तुमच्या खात्यात असायचे, तुम्ही चेक फाडायचात आणि काम व्हायचं. आता सगळं वर अडतं. आशाताईंचे पैसे महिनोन्महिने थकतात आणि मार्च उजाडला की खर्चाची झुंबड उडते. तुमचं वाक्य जसंच्या तसं देते: "रुग्ण तुमच्या व्हाउचरमुळे बरा होत नाही, मॅडम."

होत नाही, मान्य. तसा दावा मी केलाही नव्हता.

आधी बल्ब. ही गोष्ट मला तुमच्यापेक्षा जास्त लागली, कारण असे 'तीन दरपत्रकवाले' मी जवळून पाहिले आहेत. केंद्राच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांत १५४ क्रमांकाचा नियम आहे. ठरावीक मर्यादेपर्यंतची किरकोळ खरेदी दरपत्रकं (विक्रेत्यांकडून लेखी भाव) न मागवता करता येते. ही मर्यादा मुळात २५ हजार होती, पुढे वाढवली गेली. आपल्याकडे राज्याची १ डिसेंबर २०१६ची खरेदी नियमपुस्तिका लागते आणि तिचे आकडे वेगळे आहेत. पण छोट्या खरेदीला मोठ्या खरेदीचा घोळ लावू नये, हा विचार दोन्हीकडे सारखाच. मग एवढ्याशा बल्बासाठी तीन दरपत्रकं का?

त्या १५४व्या नियमात एक अट आहे. खरेदी करणाऱ्यानं लिहून द्यायचं, की वस्तू हव्या त्या दर्जाची आहे, विक्रेता भरवशाचा आहे, किंमत वाजवी आहे आणि याची माझी स्वतःची खात्री पटली आहे. खाली नाव आणि सही. डॉक्टर, आपल्या कार्यालयांत गाडी अडते ती या 'माझी स्वतःची खात्री' वर. दरपत्रकं मागवली की खात्री कुणाचीच राहत नाही, तुलनात्मक तक्त्याची होते. उद्या लेखापरीक्षणात आक्षेपाचा परिच्छेद निघाला, तर तक्ता पुढे करता येतो. म्हणून लेखापाल दरपत्रकं मागतो आणि अधिकारीही ती मागू देतो. फाइल 'चर्चा करावी' म्हणून आली तेव्हा चर्चा कुणी केली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ग्रामीण रुग्णालयात रोगी कल्याण समितीचा, म्हणजे रुग्णालयाच्या हाताशी असलेला निधी खर्च करणाऱ्या समितीचा, सदस्य सचिव अधीक्षकच असतो. "मी सही करतो, बल्ब आणा" हे वाक्य त्या खोलीत एकाच माणसाला म्हणता आलं असतं आणि तो लेखापाल नव्हता.

हे टोचायला लिहीत नाही. नियम सांगताना 'हे चालत नाही' एवढंच सांगणारा लेखापाल अर्धंच काम करतो, असं माझं ठाम मत आहे. कोणत्या शीर्षातून (खर्चाच्या ठरलेल्या सदरातून), कोणत्या मंजुरीनं, कोणता कागद जोडून ते चालेल, हे सांगणं हाच त्याच्या पगाराचा भाग आहे. तसं न सांगणारे आमच्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांची बाजू घ्यायला मी बसलेली नाही. फक्त त्यांना हे सगळं सोपं का जातं, ते सांगते आहे. अभियानातले बहुतेक लेखापाल कंत्राटी असतात. मुदत संपली की पुनर्नियुक्तीचा आदेश यायचा असतो. वसुली निघाली तर ज्याच्या पाठीशी कायम आस्थापना नाही, तो आधी भरडला जातो. असा माणूस कमीत कमी सह्या करायला शिकतो.

आता 'पूर्वी आमच्या खात्यात पैसे असायचे'. असायचे. १२ एप्रिल २००५ला ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, त्यानंतर बरीच वर्षं पैसा राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्राला असा उतरत जायचा आणि प्रत्येक पायरीवर थोडा थोडा बँकेत साचायचा. प्राथमिक आरोग्य केंद्राला अबंधित निधी (गरजेप्रमाणे वापरता येणारा), देखभाल-दुरुस्ती आणि रोगी कल्याण समिती मिळून वर्षाला पावणेदोन लाख. गावाच्या आरोग्य, पाणीपुरवठा, पोषण व स्वच्छता समितीला दहा हजार. हे पैसे हाताशी असल्यानं तुमचं काम झटपट व्हायचं, हे मी नाकारत नाही.

पण त्याची दुसरी बाजू हिशेबाच्या टेबलावरून दिसायची. खाली पाठवलेला अग्रिम, म्हणजे आगाऊ रक्कम, वरच्या वह्यांत खर्च म्हणून धरला जायचा. कागदावर पैसा खर्ची पडलेला आणि प्रत्यक्षात एखाद्या उपकेंद्राच्या बचत खात्यात व्याज खात पडलेला. परिचारिका आणि सरपंच यांच्या संयुक्त खात्यात सरपंच बदलला की नव्या सहीचा नमुना बँकेत पोहोचेपर्यंत ते खाते गोठायचं. 'अग्रिम म्हणजे खर्च नव्हे' हे एक वाक्य आमच्या प्रशिक्षणांत किती वेळा ऐकलं, त्याला गणती नाही.

मग २३ मार्च २०२१ला केंद्राच्या व्यय विभागाचा आदेश आला. प्रत्येक योजनेसाठी राज्यात एकच मुख्य खातं, खालच्या सगळ्यांची खाती शून्य शिलकीची. त्याच वर्षीच्या १ जुलैपासून खाली पैसा येणं बंद झालं. येते ती खर्चाची मर्यादा, आमच्या बोलीत लिमिट. देयक पीएफएमएसवर (केंद्राच्या ऑनलाइन देयक-प्रणालीवर) चढवायचं, लेखापाल ते तयार करणार, अधिकारी मान्य करणार आणि रक्कम मुख्य खात्यातून थेट घेणाऱ्याच्या खात्यात. तुमच्या चेकबुकाचं काम तिथे संपलं.

याच आदेशातली एक अट तुमच्या 'मार्चच्या झुंबडी'शी जोडलेली आहे आणि बाहेर ती फारशी कुणाला ठाऊक नसते. तिच्याप्रमाणे केंद्र आपला वाटा एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त सोडत नसे. पुढचा हप्ता हवा असेल तर राज्यानं आपला हिस्सा खात्यात टाकलेला लागायचा (आपल्याकडे केंद्र-राज्य प्रमाण ६० ला ४०) आणि आधी मिळालेल्यापैकी किमान ७५ टक्के खर्च झालेला लागायचा. हे मोजमाप पूर्ण राज्याचं. म्हणजे एका तालुक्यात झालेलं प्रशिक्षण, वाटलेला आहार, गाडीचं भाडं यांची देयकं कपाटात पडून राहिली, तर त्या तालुक्याचं काही बिघडायचं नाही. पण सगळ्यांची अशीच राहिली तर राज्याचा पुढचा हप्ता लांबायचा, आणि तो लांबला की भलत्याच जिल्ह्यातल्या आशाताईचं लिमिट यायचं नाही.

मी आधी एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात होते. तिथे अंदाजपत्रकापेक्षा कमी खर्च झाला की वरचे खूश. इथे आल्यावर पहिल्याच आढावा बैठकीत विचारणा झाली, 'तुमचा खर्च इतका कमी का?' कंपनीतून आलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. इथे शिल्लक हा गुण नाही. शिल्लक म्हणजे कुठलं तरी लसीकरण सत्र झालं नाही, किंवा झालं आणि त्याचं देयक आलं नाही. कोणतं, ते आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी फोन करावे लागतात, आणि तेच फोन तुम्हाला 'लेखापालाची भुणभुण' वाटत होते.

आशाताईंबद्दल मात्र तुमच्या रागाच्या बाजूनं आहे मी. तरी एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांच्या हाती पडणारी रक्कम एकाच शीर्षातून येत नाही. ग्रामीण भागात संस्थेतल्या प्रसूतीचे सहाशे, त्यातले तीनशे प्रसूतीपूर्व तपासण्यांसाठी. नवजात बाळाच्या घरभेटींचे अडीचशे. पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण झाल्याचे शंभर. शिवाय नियमित कामांचा केंद्राचा ठोक मोबदला आणि राज्य शासनाचं मानधन वेगळं. दावापत्रक आशाताई भरणार, आरोग्यसेविका पडताळणार, गटप्रवर्तक गोळा करणार, वैद्यकीय अधिकारी सही करणार, मग ते तालुक्यात येणार. यातल्या एका शीर्षाला लिमिट असतं, दुसऱ्याला नसतं. अशा वेळी काही कार्यालयं 'सगळं आलं की एकदम काढू' म्हणून सगळंच थांबवून ठेवतात. एका देयकाऐवजी तीन करावी लागतात, तेवढाच काय तो त्रास. या सवयीला माझ्याकडे कसलंही समर्थन नाही. ज्या शीर्षात पैसे आहेत ते आज गेले पाहिजेत. आठशे रुपये आले तर आठशे. ती बाई त्यातून किराणा भरते.

वैद्यकीय अधिकाऱ्याची बदली झाली की नव्या साहेबांची डिजिटल सही प्रणालीत नोंदवेपर्यंत जे दिवस जातात, तेही याच खात्यात मांडा. त्यात लेखापाल तयार बसलेला असतो आणि मान्य करणाराच नसतो.

लेखापरीक्षक 'फुकट त्रास देतात' या तुमच्या वाक्यावर फार लिहीत नाही. काही देतात. पण जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण मातेला मिळणारे सातशे रुपये तिच्याच खात्यात गेले का, दिराच्या खात्यात गेले का, हे विचारणारं दुसरं कुणी या साखळीत नाही.

उरला तुमचा खरा प्रश्न, जो तुम्ही जाता जाता विचारलात: १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सगळे उपचार मोफत झाले, केसपेपरचं शुल्कही बंद, मग रोगी कल्याण समितीनं चालायचं कशावर? निर्णय योग्यच होता. काउंटरवर पाच-दहा रुपयांसाठी थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. पण अधीक्षकाच्या हाताशी असलेला लवचिक पैसा त्यानं आटला, हेही तितकंच खरं. आता उरतात अबंधित निधी, देणग्या आणि जी रुग्णालयं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत आहेत त्यांना मिळणारी दाव्यांची रक्कम. हा तिसरा स्रोत वाढू शकतो. सरकारी रुग्णालयात उपचार झाले तरी दावा मंजूर झाल्यावर रक्कम रुग्णालयाला येते. दावा नीट गेला नाही तर उपचार होतात, पैसा येत नाही.

माझ्या पाहण्यात त्या दाव्यांत सर्वाधिक त्रुटी निघतात त्या हिशेबाच्या नसतात. शस्त्रक्रियेची टिपणी अर्धवट, तपासणीचा अहवाल जोडलेला नाही, डिस्चार्ज कार्डावरचा निदानाचा शब्द वाचता येत नाही. यावर वॉर्डाच्या बाजूनं कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. तुम्ही लिहिणार असाल तर इथेच छापते, शीर्षक तुमचं, एकही शब्द न कापता.