बैठकीत पोलीस हवेतच, पण दाराची किल्ली एकट्या त्यांच्याकडे नको

न्यूझीलंडच्या 'फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स'बद्दल, म्हणजे गुन्हा केलेला अल्पवयीन, त्याचं कुटुंब, पीडित व्यक्ती आणि पोलीस एकत्र बसतात त्या बैठकीबद्दल बोलताना आपण फक्त खोलीतलं बघतो: गोल बसलेली माणसं, माफी, डोळ्यांतलं पाणी. माझ्या मते खरा निकाल खोलीबाहेर लागतो. त्या खोलीपर्यंत कोण पोचणार, हे पोलीस ठरवतात.

सरकारी यंत्रणा माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, कुटुंबांना डावलते, हे 1988 च्या 'पुआओ-ते-आता-तू' अहवालाने ठणकावून सांगितलं. पाठोपाठ 1989 चा कायदा आला. सार्वजनिक हिताला बाध येत नसेल आणि दुसरा मार्ग असेल, तर अल्पवयीनावर खटला भरू नये, हे त्याचं सूत्र. अल्पवयीनांची प्रकरणं बघणाऱ्या, पोलिसांच्या 'यूथ एड' अधिकाऱ्यापुढे चार वाटा असतात: ताकीद; कुटुंबाशी बोलून माफी, भरपाई किंवा समाजसेवा; आरोप ठेवण्याआधीची कुटुंब बैठक; आणि शेवटी युवा न्यायालय. बहुतेक मुलं पहिल्या दोन वाटांनीच सुटतात, आणि तिथे न्यायाधीश नसतो.

बैठकीत पोलीस घटनेचा गोषवारा वाचतात. मुलाने तो नाकारला, तर बैठक तिथेच थांबते. मग पीडित व्यक्ती बोलते. त्यानंतर पोलीस आणि बैठक भरवणारा समन्वयक बाहेर जातात, कुटुंब एकटं बसून योजना ठरवतं. माझ्या लेखी या सगळ्याचा प्राण हीच वेळ. पण परत आल्यावर पोलिसांची संमती लागते, ती नसेल तर योजना टिकत नाही.

बिघडतं कुठे? बैठक कार्यालयाच्या सोयीने कामाच्या दिवशी भरदुपारी ठेवतात, मग ज्या आजीचा शब्द मुलगा ऐकतो तीच येत नाही. पीडिताला निरोप उशिरा जातो. योजनेत आठ-दहा अटी कोंबतात, दोन चुकल्या की मुलगा न्यायालयात. शिवाय सरकारी खर्चाचा वकील न्यायालय नेमतं, म्हणजे आरोप ठेवल्यावर. कबुली मात्र त्याआधीच द्यायची!

प्रौढांसाठी 'ते पाए ओरांगा' नावाची, न्यायालयाबाहेरची अशीच बैठक आहे. पोलीस प्रकरण पाठवतात, इवीची, म्हणजे जमातीची, माणसं ऐकतात. विनापरवाना गाडी चालवली? मग परवाना काढायला मदत हाच योजनेचा भाग. दंडाने ते कधी साधलं नसतं.

तरीही माओरी लोकसंख्येत साधारण सहावा हिस्सा आणि तुरुंगात निम्म्याहून जास्त. जिथे गस्त जास्त तिथे नोंदी जास्त, आणि 'आधी ताकीद दिली होती' एवढ्यावर पुढची वाट बंद होऊ शकते.

आपल्याकडेही 2016 च्या बालन्याय नियमांनुसार किरकोळ गुन्ह्यात एफआयआर नाही, डायरीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल. पारधी वस्तीतल्या पोराच्या बाबतीत तो अहवाल कोण, कसा लिहितं, हे विचारायलाच हवं.

माझी मागणी तीन गोष्टींची. बैठकीला नकार देताना पोलिसांनी कारण लेखी द्यावं, ते तपासायला लावण्याचा हक्क इवीला असावा, आणि कबुलीआधी मुलाला वकील भेटावा.